फॉर्म सबमिट झाला म्हणजे अर्धंच काम झालं

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मेढ्याला गेले होते. तिथं ओळखीतली एक मुलगी भेटली, बारावी आर्ट्स ७८ टक्के, आता साताऱ्यात बीएच्या पहिल्या वर्षाला आहे. तिला सहज विचारलं, सेंट्रल सेक्टर स्कॉलरशिपचा फॉर्म भरलास का गं, तर म्हणाली, "ताई, ती ८० टक्केवाल्यांना असते ना, मला दोन कमी पडले." असं म्हणणारी ती काय पहिली नाही, दरवर्षी चार-पाच तरी पोरं मला हेच सांगतात आणि प्रत्येक वेळी माझ्या पोटात कालवतं, कारण मार्क त्यांनी मिळवलेले असतात, फक्त एका शब्दाचा अर्थ कुणी सांगितलेला नसतो.

तो शब्द म्हणजे पर्सेंटाइल. ८० पर्सेंटाइल म्हणजे ८० टक्के नाही. असं समजा की आपल्या बोर्डातनं, आपल्याच शाखेतनं पास झालेली १०० पोरं मार्कांप्रमाणे एका रांगेत उभी केली, सगळ्यात जास्त मार्कवाला पहिला आणि सगळ्यात कमीवाला शेवटी, आणि तुमच्या मागं ८० जण असतील तर तुम्ही ८० पर्सेंटाइलच्या वर आहात, मग तुमचे टक्के ७० असोत नाहीतर ९०. सायन्सची रांग वेगळी, कॉमर्सची वेगळी, आर्ट्सची वेगळी. म्हणून प्रत्येक शाखेचा आकडा वेगळा निघतो आणि तो दरवर्षी बदलतो. आपलं राज्य मंडळ शाखेप्रमाणे हा कटऑफ जाहीर करतं, तो आधी बघायचा आणि मगच ठरवायचं की आपण बसतो का नाही. त्या मुलीचा मी तिथंच मोबाईलवर बघितला, ती आरामात बसत होती.

आता ही स्कॉलरशिप नक्की काय आहे ते सांगते. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाची योजना आहे, पूर्ण नाव मोठं आहे, आता पीएम-यूएसपी असं लिहिलेलं दिसेल, पण कॉलेजात सगळे सेंट्रल सेक्टरच म्हणतात. देशभरात दरवर्षी ८२,००० नवीन स्कॉलरशिप देतात आणि त्यातल्या निम्म्या मुलींसाठी असतात. प्रत्येक राज्याला १८ ते २५ वयाच्या लोकसंख्येप्रमाणे कोटा मिळतो आणि राज्याचा कोटा सायन्स, कॉमर्स, आर्ट्स असा ३:२:१ मध्ये वाटला जातो. पदवीच्या तीन वर्षांना वर्षाला १२,००० आणि पुढं पीजीला वर्षाला २०,०००. म्हणजे बीए आणि एमए सलग केलं तर ७६,००० होतात. इंजिनिअरिंगसारख्या चार वर्षांच्या कोर्सला चौथ्या वर्षी २०,००० मिळतात. घरचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांच्या आत पाहिजे, रेग्युलर डिग्री कोर्स पाहिजे, म्हणजे डिप्लोमा चालत नाही आणि बाहेरून बसलेलं पण चालत नाही. ८० पर्सेंटाइलच्या वर असलात म्हणजे मिळालीच असंही नाही हां, तो फक्त दारातनं आत जायचा पास आहे, पुढं मेरिट लिस्ट लागते. पण अर्जच केला नाही तर लिस्टमध्ये नाव यायचा प्रश्नच नाही.

फॉर्म नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायचा, म्हणजे एनएसपी. साधारण जून-जुलैत उघडतं आणि ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत चालतं, कधी पुढं ढकलतात, पण ढकलतील या भरवशावर बसू नका. आधी ओटीआर काढायचा, म्हणजे वन टाइम रजिस्ट्रेशन, एकदाच करायची नोंदणी. तो १४ आकडी नंबर असतो, आधारवर निघतो, मोबाईलवर चेहरा दाखवून पडताळणी होते, आणि एकदा काढला की शिक्षण संपेपर्यंत तोच चालतो. इथं एक गोष्ट हात जोडून सांगते, मोबाईल नंबर स्वतःचा नाहीतर घरातल्या माणसाचा द्या. नेट कॅफेवाल्याचा नंबर टाकून भरलेले फॉर्म मी बघितलेत, मग पुढचा प्रत्येक ओटीपी त्याच्या मोबाईलवर, आणि तो सापडला नाही की सगळं अडलं.

आता मुद्द्याचं. हे फॉर्म "कॉलेजमार्फत" जातात म्हणजे काय, हे कुणी नीट सांगतच नाही. आपल्याला वाटतं आपण ऑनलाइन भरला, सबमिट दाबलं, तो थेट दिल्लीला गेला. तसं नाहीये. सबमिट दाबल्यावर तो तुमच्या कॉलेजच्या लॉगिनला जाऊन थांबतो. तिथं कॉलेजनं नेमलेले एक सर किंवा मॅडम असतात, त्यांना नोडल ऑफिसर म्हणतात, त्यांनी तो उघडून बघायचा, की ही मुलगी खरंच आपल्याकडं शिकते का, हे मार्कलिस्ट खरं आहे का, दाखला जोडलाय का, आणि मग पुढं पाठवायचा. त्यांनी पाठवला की राज्य पातळीवर दुसऱ्यांदा तपासणी, मग मेरिट, मग पैसे. थोडक्यात कॉलेज तुमच्यासाठी साक्ष देतं. आणि साक्षीदारानं साक्षच दिली नाही तर तुमचा फॉर्म कितीही चांगला असला तरी तो तिथंच मरतो, कॉलेजला पडताळणीसाठी वेगळी शेवटची तारीख असते आणि ती गेली की कुणाच्याच हातात काही राहत नाही.

हे मला पुस्तकातनं कळलेलं नाही. २०१७ ला मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते, तेव्हा ही स्कॉलरशिप वर्षाला १०,००० होती. फॉर्म मी स्वतः भरला, रात्री साडेअकराला सबमिट झाला, आईला उठवून सांगितलं. आणि मग वाट बघत बसले. प्रिंट कॉलेजात द्यायची असते हे मला माहीतच नव्हतं, मला कुणी सांगितलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही, वर्गात ४० जणी आणि कुणालाच माहीत नाही. जानेवारीत एका मैत्रिणीच्या भावानं लॉगिन उघडून दाखवलं तर तिथं लिहिलेलं, संस्थेच्या पडताळणीसाठी प्रलंबित. तारीख कधीच गेलेली. खिडकीवर गेले तर म्हणाले, तुझा कागदच आमच्याकडं आला नाही. नवीन अर्ज बारावीनंतर पहिल्या वर्षालाच करता येतो, म्हणून नुसते ते १०,००० नाही, पुढच्या दोन वर्षांचे पण गेले. वडील तेव्हा मुंबईत माथाडी कामगार होते, त्यांना ३०,००० म्हणजे काय होतं ते मलाच माहिती. तेव्हापासनं दर जुलै ते नोव्हेंबर रविवारी लॅपटॉप घेऊन बसते, आणि येईल त्याला पहिली गोष्ट हीच सांगते, सबमिट झाल्याच्या दुसऱ्या दिवशी प्रिंट घेऊन कॉलेजात जायचं.

जाताना काय न्यायचं तर फॉर्मची प्रिंट, दहावी-बारावीचं मार्कलिस्ट, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, फीची पावती, आधार आणि पासबुकची झेरॉक्स, सगळ्यावर सही करून. तिथं गेल्यावर नुसतं टेबलावर ठेवून यायचं नाही, नोडल ऑफिसर कोण आहेत ते विचारायचं, त्यांना भेटायचं, नमस्कार करून सांगायचं की सर माझा फॉर्म तुमच्या लॉगिनला आलाय. बहुतेक ठिकाणी हे काम एखाद्या प्राध्यापकाला लेक्चर सांभाळून दिलेलं असतं, त्यांच्याकडं एकदम शेकडो फॉर्म येतात, शिवाय नोडल ऑफिसर आणि प्राचार्य दोघांची पण आधारवर पडताळणी झालेली लागते, म्हणून त्यांचंही सोपं नसतं. दिवाळीची सुट्टी नेमकी शेवटच्या तारखांच्या आसपास येते हे पण डोक्यात ठेवा. गणपतीच्या आधी फॉर्म कॉलेजात पोचला तर काही चुकलं तरी दुरुस्तीला वेळ मिळतो.

दुरुस्ती म्हणजे काय, तर स्टेटसला कधी कधी "डिफेक्ट" असं येतं. ते बघून पोरं रडकुंडीला येतात, पण डिफेक्ट म्हणजे नापास नाही, फॉर्म तुमच्याकडं परत आलाय, अमुक एक गोष्ट नीट करून पुन्हा पाठवा. ठरलेल्या मुदतीत केलं की झालं. "रिजेक्ट" आलं तर मात्र त्या वर्षी संपलं. म्हणून आठवड्यातनं एकदा लॉगिन करून बघायचं, मेसेजची वाट बघायची नाही.

फॉर्ममध्ये कॉलेज निवडताना पण चांगलीच गडबड होते. आपल्या भागात एकाच थोर माणसाच्या नावाची कॉलेजं किती आहेत बघा, यशवंतराव चव्हाणांच्या नावाची, छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाची, गावोगाव. लिस्टमध्ये चुकीचं निवडलं तर तुमचा फॉर्म दुसऱ्याच कॉलेजच्या लॉगिनला जाऊन बसतो आणि तुमचे सर म्हणतात आमच्याकडं दिसत नाही. प्रत्येक कॉलेजला आयशे (AISHE) कोड असतो, सी नं सुरू होतो, तो ऑफिसात विचारून वहीत लिहून घ्या आणि त्यावरनंच शोधा. साताऱ्यात तर अजून एक, काही कॉलेजं आधी शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती आणि आता कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात आलीत, त्यामुळं विद्यापीठाचं नाव पण मोठ्या बहिणीचं बघून टाकू नका, स्वतःच्या बोनाफाईडवरचं बघा.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच लागतो. त्याआधी तलाठ्याचा उत्पन्न अहवाल लागतो, त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात पण गावात अजून भाऊसाहेबच. रेशनकार्ड, आधार, सातबारा, वडील नोकरीला असतील तर पगाराचा कागद, हे घेऊन सेतूत नाहीतर आपले सरकार केंद्रात द्यायचं. निकालानंतर जून-जुलैत तिथं सगळा तालुका येतो, म्हणून बारावीचा निकाल लागायच्या आधीच, मे महिन्यात काढून ठेवला तर बरं. दाखल्यावरची मुदत वाचा, मार्चअखेर संपलेला मागच्या वर्षीचा दाखला जोडला की फॉर्म परत येतो.

आणि नाव. बोर्डाच्या मार्कलिस्टवर आपलं आडनाव आधी असतं, मग नाव, मग वडिलांचं. आधारवर नाव आधी. हा फरक चालून जातो, पण मार्कलिस्टवर वैष्णवी आणि आधारवर वैश्णवी, किंवा आधारवर वडिलांचं नावच नाही, नुसतं नाव-आडनाव, असं असेल तर अडकतं. स्पेलिंगमधला एक डब्ल्यू आणि व्ही पण अडकवतो. बारावीत असतानाच आधार आणि दहावीचं मार्कलिस्ट शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर बोटानं तपासा, आधार दुरुस्तीला वेळ लागतो.

आता पैसे. मागच्या वर्षी कोरेगावकडची एक मुलगी माझ्याकडं आली, स्कॉलरशिप मंजूर झालेली, स्टेटसला पैसे गेले असं दिसतंय, आणि पासबुकात काहीच नाही. चार महिने ती दर आठवड्याला बँकेत जाऊन एंट्री मारून आणत होती. बँकेतले म्हणायचे आलं नाही, कॉलेज म्हणायचं आम्ही पाठवलं. तिला विचारलं, याच्या आधी कधी खातं काढलं होतं का? तर नाही म्हणाली. मग तिची आजी आतनं म्हणाली, अगं ते शाळेतलं? आठवीत असताना ती एनएमएमएस या स्कॉलरशिपच्या परीक्षेत आली होती, ती पण केंद्राचीच, नववी ते बारावी वर्षाला १२,००० मिळतात, तेव्हा आईबरोबर जाऊन एक खातं काढलेलं. आजीनं ट्रंक उघडली, खाली साड्यांच्या घडीत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं ते जुनं पासबुक, कोपरे दुमडलेले, फोटोत दोन वेण्या. दुसऱ्या दिवशी एंट्री मारली तर १२,००० तिथं जमा होते.

असं का झालं ते समजून घ्या, कारण हे खूप जणांचं होतं. सरकारी पैसे आता फॉर्ममधल्या खाते नंबरवर नाही, आधारवर येतात. तुमचा आधार कुठल्या बँकेला जोडलाय याची नोंद एनपीसीआय या बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडं असते आणि शेवटी ज्या बँकेत जोडला असेल तिथंच पैसे जातात. केवायसीला आधारची झेरॉक्स दिली म्हणजे जोडला गेला असं नाही, पैसे येण्यासाठी आधार खात्याला जोडण्याला सीडिंग म्हणतात आणि त्याचा बँकेत वेगळा फॉर्म असतो, त्यावर डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात घेण्यासाठी, संमती द्यायची असते. तिचं नवीन खातं केवायसीनं जोडलेलं, पण सीडिंग जुन्याच खात्याला. कुठल्या बँकेला जोडलंय ते आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटसमध्ये पाच मिनिटांत दिसतं. खातंच नसेल तर पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचं खातं पोस्टमन दारात येऊन अंगठ्यावर काढून देतो, आमच्याकडं डोंगरातल्या गावात हाच सगळ्यात सोपा मार्ग आहे.

एक निर्णय मात्र फॉर्म भरायच्या आधी घरात बसून घ्यायचा. सेंट्रल सेक्टर घेणाऱ्याला दुसरी कुठलीही स्कॉलरशिप घेता येत नाही, आणि त्यात राज्याची फीमाफी पण आली. म्हणजे महाडीबीटीवरची ईबीसी म्हणा, पोस्ट मॅट्रिक म्हणा, ती आणि ही दोन्ही चालत नाहीत. मग हिशेब करा. अनुदानित कॉलेजात बीए करत असाल तर फी कमी असते, तिथं १२,००० रोख हातात येणं माझ्या मते जास्त चांगलं. पण मुलगी इंजिनिअरिंगला असेल, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि राज्याच्या योजनेत तिची पूर्ण शिक्षण फी माफ होत असेल, तर १२,००० साठी ती सोडणं म्हणजे नुकसान. कॉलेजच्या ऑफिसात दोन्हीचे आकडे मागा, आकडे बघून ठरवा.

सायन्सवाल्यांसाठी अजून एक आहे, ती इन्स्पायर, विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची. तिचं पोर्टल वेगळं आहे. बोर्डात वरच्या १ टक्क्यात असलात आणि बीएस्सी किंवा इंटिग्रेटेड एमएस्सीला मूलभूत विज्ञान घेतलंत तर वर्षाला ८०,००० ची ही शिष्यवृत्ती, त्यातले ६०,००० म्हणजे महिन्याला ५,००० तुमच्या हातात आणि २०,००० उन्हाळ्यात एखाद्या संशोधकाच्या हाताखाली प्रोजेक्ट करायला. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बॉटनी, झूलॉजी, मायक्रोबायोलॉजी, स्टॅटिस्टिक्स चालतात. इंजिनिअरिंग, मेडिकल चालत नाही, आणि बायोटेक किंवा कॉम्प्युटर सायन्सची बीएस्सी पण त्या यादीत नाही, हे अ‍ॅडमिशनच्या आधी माहीत असलेलं बरं. इथं पण प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचं एन्डॉर्समेंट लागतं, नमुना पोर्टलवर असतो, त्यावर कोर्सचं नाव आणि विषय अगदी स्पष्ट लिहून घ्या. हुशार पोरं आपल्याकडं सगळी नीट आणि जेईईच्या मागं जातात, पण नुसतं विज्ञान शिकायची आवड असणाऱ्याला देश महिन्याला पाच हजार देतो हे प्रत्येक ज्युनिअर कॉलेजच्या फळ्यावर लिहिलेलं असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या मुलींसाठी एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती नावाची स्कॉलरशिप आहे, वर्षाला ५०,०००, उत्पन्न आठ लाखांच्या आत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत, एनएसपीवरनंच. आणि पदवीनंतर पीजीला रेग्युलर अ‍ॅडमिशन घेतलेल्यांसाठी यूजीसीची नॅशनल पीजी स्कॉलरशिप, देशात १०,००० जागा, महिन्याला १५,००० असे वर्षातले दहा महिने, दोन वर्षं. ही पदवीच्या मार्कांवर मिळते, म्हणून बीए-बीएस्सीच्या मार्कांना काय किंमत असं म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवा.

मिळाल्यावर दुसऱ्या वर्षी रिन्यूअलचा फॉर्म परत भरावा लागतो, आपोआप होत नाही, आणि तो पण कॉलेजच्याच लॉगिनला जातो. सेंट्रल सेक्टरला किमान ५० टक्के मार्क आणि ७५ टक्के हजेरी लागते. हजेरीचं पोरं हसण्यावारी नेतात, एसटी चुकली, पास नव्हता, ऊसतोड होती. खरंही असतं ते. पण अडचण असेल तेव्हाच वर्गशिक्षकांना सांगून ठेवा, वर्षाच्या शेवटी सांगून उपयोग होत नाही.

मेढ्याच्या त्या मुलीचं काम सुरू आहे. भाऊसाहेबांचा अहवाल मिळाला, वडिलांचा पगाराचा कागद मुंबईहून व्हॉट्सअ‍ॅपवर आला, दाखला बाराव्या दिवशी हातात पडला. तिचं सीडिंग बघितलं, ते पण एका जुन्याच बँकेत निघालं, ते बदलून घेतलं. काल रात्री फॉर्म सबमिट केला. स्टेटसला आता तिच्या कॉलेजचं नाव आणि पुढं प्रलंबित असं दिसतंय. सोमवारी पहिल्या एसटीनं ती प्रिंट घेऊन साताऱ्याला जाणार आहे, नोडल मॅडम पहिलं लेक्चर झाल्यावर भेटतात असं तिनं आधीच विचारून घेतलंय.